मोटारींचे कारखानी अनुक्रमांक आणि कालनिर्णय : मुळशी पेट्याच्या निमित्तानें एक परीक्षण

ताम्रपट, शिलालेख, नाणीं व दप्तरें यांच्या पंक्तीस आतां जुनीं यंत्रेंही येऊन बसलीं आहेत. जी मोटारगाडी आमच्या पणज्यांस नवलाची वस्तु वाटे ती आज पुराणवस्तु झाली आहे, व तिचा संग्रह करणारेही पुष्कळ निघाले आहेत. संग्रह म्हटला कीं काळाचा प्रश्न येतोच. ह्या प्रश्नाचें एक ठरीव उत्तर मोटारींच्या संग्राहकांत रूढ आहे. इंजिनावर किंवा चासीवर ठोकलेला क्रमांक वाचावा, कारखान्याच्या उत्पादनाच्या कोष्टकांत तो कोणत्या सालीं पडतो तें पाहावें, आणि तोच गाडीचा जन्मकाल समजावा. ही पद्धति दिसण्यांत सोपी व शास्त्रशुद्ध आहे. ती कोठपर्यंत ग्राह्य आणि कोठून पुढें त्याज्य, ह्याचें परीक्षण करण्याचें येथें योजिलें आहे.

हा विचार मुळशीच्या निमित्तानें करण्यास कारण आहे. मुळा नदीवर टाटा कंपनीनें धरण बांधण्याचें काम हातीं घेतलें, आणि जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनीं ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. सन १९२४ पर्यंत हा झगडा ह्या ना त्या रूपानें चालला. अखेर धरण झालें आणि त्याच्या पाण्यावर भिऱ्याचें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. अशा धामधुमीच्या काळांतील प्रत्येक वस्तूस स्वाभाविकच मोल चढतें. पौडाच्या किंवा मुळशीच्या आसपास एखाद्या वाड्याच्या पडवींत जुनी फोर्ड गाडी निघाली, आणि घरच्या वडील माणसानें ‘ही सत्याग्रहाच्या वेळची’ असें सांगितलें, तर ऐकणारास तें खरें असावें अशीच इच्छा होईल. पुढील विवेचनांत अशी एक गाडी आम्ही उदाहरणादाखल कल्पिली आहे. ती कोणा विशिष्ट घरची नव्हे. परंतु तिच्याविषयीं जे प्रश्न उठतात ते कोणत्याही जुन्या गाडीविषयीं उठणारच.

प्रथम पूर्वपक्ष मांडूं. फोर्ड कंपनीची ‘टी’ नमुन्याची गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. तिच्या इंजिनांस पहिल्यापासून ओळीनें क्रमांक घालीत गेले, आणि ता. २६ मे १९२७ रोजीं दीड कोटीव्या गाडीचा समारंभ झाला. प्रत्येक सालाच्या आरंभींचा व अखेरचा क्रमांक देणारीं कोष्टकें प्रसिद्ध आहेत. त्यांप्रमाणें १९२० अखेर हा आंकडा सुमारें ४७ लाखांवर होता. १९२१ अखेर सुमारें ५६ लाख, १९२३ अखेर सुमारें ९० लाख, आणि १९२५ अखेर सुमारें १ कोटी ३० लाख झाला. तेव्हां आमच्या कल्पित गाडीच्या इंजिनावर ४७ लाख ५० हजार हा क्रमांक निघाला तर ती १९२१ ची, सबब सत्याग्रहाच्या वर्षाची, असें पूर्वपक्षी म्हणेल. इतकेंच नव्हे, तर तो महिना व दिवसही काढून देईल. ४७ पासून ५६ लाखांपर्यंत नऊ लाख इंजिनें एका वर्षांत झालीं, म्हणजे दिवसास सुमारें अडीच हजार. त्या हिशेबानें ५० हजारावें इंजिन विसाव्या दिवशीं, अर्थात् ता. २० जानेवारी १९२१ रोजीं तयार झालें, असा त्याचा सिद्धान्त.

ह्या सिद्धान्ताच्या शेवटच्या पायरीपासून उलट जाऊं, कारण तीच सर्वांत कच्ची आहे. १९२० च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुमारास, मंदीमुळें फोर्डनें आपला कारखाना बंद ठेवला, आणि तो पुन्हां चालू झाला तो १९२१ च्या फेब्रुवारींत. म्हणजे ज्या दिवशीं आमचें इंजिन तयार झालें असें गणितानें ठरलें, त्या दिवशीं कारखान्याच्या दारास कुलूप होतें! गणित चुकलें नाहीं, गृहीत चुकलें. वर्षाची संख्या दिवसांवर सारखी वांटतां येते, असें धरण्यास कांहींच आधार नव्हता. हीच गोष्ट महायुद्धाच्या वर्षांवरूनही दिसते. कोष्टकांत १९१७ सालीं आठ लाखांहून अधिक इंजिनें पडतात, आणि १९१८ सालीं चार लाखही भरत नाहींत, कारण कारखाना युद्धसाहित्याकडे वळविला होता. त्या दोन सालांच्या सीमेवर उभा असलेला क्रमांक सरासरीच्या मापानें मोजणें म्हणजे दुष्काळाच्या सालचा वसूल सुकाळाच्या सालावरून ठरविण्यासारखें आहे. सालाची मर्यादा कोष्टक देतें. दिवस व महिना तें देत नाहीं. जो संग्राहक केवळ कोष्टकावरून दिवस सांगतो, तो कोष्टकांत नसलेली गोष्ट स्वतःच्या पदरची घालतो.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे, तो मालिकेचा. आमच्या वाचकांस हा सहज कळेल. सन ‘इसन्ने अर्बैन मया व अलफ’ म्हणजे ११४२ हा सुहूर सन असेल तर तो इ. स. १७४१-४२ होय. त्याच वर्षाचा फसली आंकडा ११५१ येतो. आतां ११५१ हा फसलीचा आंकडा सुहूर समजून कोणी मिति लाविली तर ती १७५० त जाऊन पडेल; आणि नऊ वर्षांत छत्रपति बदललेले असतील. आंकडा बरोबर वाचला, पण सन ओळखला नाहीं, म्हणून सर्व वाचन फुकट गेलें. मोटारींच्या क्रमांकांतही असेच निरनिराळे ‘सन’ आहेत. फोर्डचा एक कारखाना अमेरिकेंत होता, व १९०४ सालीं निघालेली कॅनडाची फोर्ड कंपनी ही निराळी संस्था होती. इंग्लंडखेरीज ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक मुलुखाचा व्यापार ह्या कॅनडाच्या कंपनीकडे होता, आणि हिंदुस्थान त्यांतच येई. १९२६ सालीं येथें फोर्डची हिंदी शाखा निघाली, तीही कॅनडाच्याच कंपनीची. कॅनडांत झालेल्या इंजिनांची मालिका स्वतंत्र असून तिच्या मागें ‘सी’ हें अक्षर असे.

आतां असें समजा कीं, आमच्या गाडीच्या क्रमांकापुढील हें अक्षर गंजानें किंवा रंगाच्या थरानें झांकलें आहे, आणि उरलेला आंकडा साडेतीन लाख असा वाचतां येतो. अमेरिकेच्या कोष्टकांत तो सुमारें १९१३ सालीं पडेल, आणि मालक आपल्या घरीं महायुद्धापूर्वींची गाडी असल्याचें मोठ्या अभिमानानें सांगेल. वस्तुतः कॅनडाचें उत्पादन अमेरिकेच्या मानानें फारच लहान. तोच आंकडा तेथें कित्येक वर्षांनीं येतो. म्हणजे एका अक्षराच्या लोपानें गाडी कित्येक वर्षें वृद्ध झाली. जो आपणाकडील गाडीस अमेरिकेचें कोष्टक न विचारतां लावितो, त्यानें आधीं ही एक शंका निवारण केली पाहिजे. रंग खरवडण्यापूर्वीं क्रमांकाचा ठसा घ्यावा, त्याचें छायाचित्र काढावें, आणि मागील-पुढील प्रत्येक खूण उतरून घ्यावी, हा नियम शिलालेखास जसा लागू आहे तसाच येथेंही आहे.

मालिकेंतील खंड हाही ह्याच प्रकरणांत येतो. रोल्स-रॉईस कंपनीच्या महायुद्धापूर्वींच्या मालिकांत १३ हा आंकडा अशुभ म्हणून गाळीत असत. तेव्हां दोन क्रमांकांतील अंतर म्हणजे मधल्या गाड्यांची संख्या, हें समीकरणही सर्वत्र खरें नाहीं. सुप्रसिद्ध ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीचा चासी-क्रमांक ६०५५१ आहे. म्हणून तिच्यापूर्वीं साठ हजार गाड्या झाल्या असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास काय म्हणावें? क्रमांक कोठून सुरू करावयाचा हें कारखानदाराच्या मर्जीवर असतें. शक कोणत्या घटनेपासून मोजावा हें जसें शककर्त्यावर, तसेंच हें.

तिसरा आक्षेप घटनेचा. आणि आमच्या मतें सर्व वादाचें मूळ येथें आहे. क्रमांक ही कोणत्या घटनेची साक्ष आहे? पेशवाईंतील पत्रांवर दोन तारखा येतात हें वाचकांस ठाऊकच आहे. एक पत्र लिहिल्याची, आणि दुसरी, पत्र पोंचल्यावर दप्तरांत पाठीवर किंवा माथ्यावर टांकलेली, ‘पैवस्ती’ची. दिल्लीहून निघालेलें पत्र पुण्यास पोंचेपर्यंत दिवसच्या दिवस जात. ज्या संशोधकानें पैवस्तीची तारीख लेखनाची मानली, त्यानें लढाईच्या आधीं घडलेली गोष्ट लढाईच्या नंतर नेऊन ठेविली, असे प्रकार आमच्या शास्त्रांत झालेले आहेत. मोटारीच्या बाबतींत अशा तारखा दोनच नव्हेत, निदान पांच आहेत. बिडाचा ठोकळा ओतला ती पहिली. इंजिन जुळवून त्यावर क्रमांक ठोकला ती दुसरी. गाडी उभी राहिली ती तिसरी. गाडी गिऱ्हाइकास विकली ती चौथी. आणि सरकारीं नोंद झाली ती पांचवी. फोर्डच्या कारखान्यांतून इंजिनें आगगाडीनें दूरदूरच्या शाखांत जात व तेथें गाड्या जुळत. हिंदुस्थानांतील गाडीच्या वाटेंत तर समुद्रही आहे. जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईस शिवडी येथें सुटे भाग आणून गाड्या जुळविण्याचें काम चालविलें. तेथील गाडीच्या भागांचा जन्म एका खंडांत आणि गाडीचा जन्म दुसऱ्या खंडांत.

रोल्स-रॉईससारख्या गाड्यांत ही गुंतागुंत आणखी वाढते. कंपनी केवळ चासी देई, आणि वरील सांटा गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें दुसरा कारागीर बांधी. चासी एका वर्षाची आणि सांटा दुसऱ्या वर्षाचा. क्वचित् जुना सांटा उतरून त्याच चासीवर नवा चढविलेला. अशा गाडीस ‘अमुक सालची’ म्हणणें म्हणजे हेमाडपंती चौथऱ्यावर पेशवाईंत शिखर चढविलेल्या देवळास एकच काळ देणें होय. देवळाचा अभ्यासक चौथरा व शिखर यांचा काळ निरनिराळा सांगतो. गाडीच्या अभ्यासकानेंही तसेंच करावें.

फोर्डच्या ‘टी’ गाडीचा प्रकार याहून वेगळा, पण तितकाच फसवा आहे. तिच्यांत क्रमांक इंजिनावर असे, आणि बराच काळ चासीवर निराळा क्रमांकच नव्हता. तेव्हां इंजिन बदललें कीं गाडीचें नांवगांव बदललें! त्यांतच गाड्या १९२७ सालीं बंद झाल्या तरी ह्या नमुन्याचीं इंजिनें सुट्या भागांच्या गरजेसाठीं १९४१ पर्यंत निघत होतीं. म्हणजे १९२१ च्या गाडींत १९३० चें इंजिन असणें शक्य, आणि १९२६ च्या गाडींत मोडीच्या बाजारांतून आणलेलें १९२१ चें इंजिन असणेंही शक्य. खडकाळ घाटरस्त्यावर वर्षानुवर्षें राबलेल्या गाडीचें इंजिन मूळचेंच असेल, असें धरून चालणें धाडसाचें आहे.

येथें एक प्रतिपक्ष येईल. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांकांवरून दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांनीं उत्पादनाचा अचूक अंदाज बांधला, हें प्रसिद्ध आहे. १९४१ च्या जूनमधील उत्पादन गुप्तहेरांच्या बातमीप्रमाणें १५५० होतें, क्रमांकांच्या गणिताप्रमाणें २४४. आणि युद्धानंतर जर्मन दप्तरांत खरा आंकडा निघाला २७१. ऑगस्ट १९४२ चा अंदाज ३२७ होता, खरा आंकडा ३४२. तेव्हां क्रमांक खोटें बोलत नाहींत, असें प्रतिपक्षी म्हणेल. आम्हीही तेंच म्हणतों. परंतु तेथें प्रश्न ‘किती’ हा होता, ‘केव्हां’ हा नव्हता. आणि हातांत एक क्रमांक नव्हता, अनेक होते. त्या गणिताचें मर्म असें : पांच क्रमांक हातीं आले व त्यांतील सर्वांत मोठा १०० असला, तर १०० ला पांचांनीं भागून आलेले २० त्यांत मिळवावे व एक वजा करावा, एकूण संख्या सुमारें ११९. एकच क्रमांक हातीं असेल तर ह्याच रीतीनें उत्तर जवळजवळ दुप्पट येतें, आणि त्याचा भरंवसा फारच थोडा राहतो. एकटा साक्षीदार आणि पंचांची साक्ष यांतील हा भेद आहे. रणगाड्यांचें उदाहरण आमच्या विरुद्ध नसून आमच्या बाजूचेंच आहे.

मग क्रमांक टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. त्याचें खरें बळ कोठें आहे तें ओळखलें पाहिजे. क्रमांक सिद्ध करण्यापेक्षां खंडन करण्यांत अधिक समर्थ आहे. आमच्या कल्पित गाडीचें इंजिन अमेरिकन मालिकेंतील असून त्यावर १ कोटी ३५ लाखांचा आंकडा असेल, तर तें इंजिन १९२६ पूर्वींचें नव्हे. तें १९२१ च्या मुळशींत फिरलें ही कथा त्या इंजिनापुरती तरी संपली. तेथें वडिलांच्या आठवणीस मान देऊनही कागदास अधिक मान द्यावा लागेल. उलट आंकडा ४७ लाख ५० हजार निघाला, तर इतकेंच म्हणतां येईल कीं, हें इंजिन सत्याग्रहाच्या सुमाराचें आहे. तें तेव्हां मुळशींत होतें, कंपनीच्या साहेबांस घेऊन फिरलें, कीं सत्याग्रह संपल्यावर कित्येक वर्षांनीं मुंबईच्या बाजारांतून जुनें म्हणून आलें, ह्याविषयीं क्रमांक मुका आहे. अलीकडची सीमा तो देतो. पलीकडची देत नाहीं.

ही पलीकडची सीमा मिळविण्यास दुसरीं साधनें लागतात, आणि तीं नाहींत असें नाहीं. अंतर्गत प्रमाणांत पहिलें म्हणजे ओतकामाची तारीख. फोर्डच्या बिडाच्या ठोकळ्यावर ती महिना, दिवस व साल अशा क्रमानें उठविलेली असे. ती ठोकलेल्या क्रमांकाशीं ताडून पाहावी. ओतकामाची तारीख क्रमांकाच्या काळाच्या थोडी आधींची असेल तर दोन्ही एकमेकांस पुष्टि देतात. पुढची असेल तर क्रमांक बनावट किंवा वाचन चुकीचें. मूळ दप्तरेंही पुष्कळ टिकलीं आहेत. फोर्डचीं कागदपत्रें अमेरिकेंत डिअरबॉर्न येथील बेन्सन फोर्ड संशोधनकेंद्रांत आहेत. रोल्स-रॉईसच्या प्रत्येक चासीचीं नोंदपत्रें इंग्लंडांतील त्या गाड्यांच्या मंडळाच्या ‘हंट हाऊस’ या वास्तूंत जपून ठेविलीं आहेत. कोष्टक हें दप्तराचें सार आहे. आणि सार पाहून मूळ न पाहणें हा दोष आमच्या शास्त्रांत कोणी क्षम्य मानीत नाहीं. बहिर्गत प्रमाणांत नोंदणीचे दाखले, विक्रीच्या पावत्या, विम्याचे कागद, आणि घरच्या जमाखर्चाच्या वह्या येतात. ‘मोटारीस तेल’ अशी एक ओळ एखाद्या खतावणींत तारखेसह सांपडली तर ती दहा कोष्टकांहून मोलाची, कारण गाडी त्या दिवशीं त्या घरीं होती हें तीच सांगते.

ह्या भेदास आज व्यवहारांतही महत्त्व आलें आहे. जुन्या मोटारींच्या नोंदणीविषयीं केंद्र सरकारनें १९८९ च्या मोटारवाहन नियमांत २०२१ सालीं जी भर घातली, तींत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या व चासी, सांटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ मानलें असून, तिच्यासाठीं ‘व्ही ए’ ह्या अक्षरांची निराळी मालिका ठेविली आहे. ही पन्नास वर्षें कोठून मोजावयाचीं? कारखान्याच्या क्रमांकापासून नव्हे, तर पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर कायद्यानें लेखनाची तारीख सोडून पैवस्तीची तारीख धरली. व्यवहारास हें योग्यच आहे, कारण नोंदणीची तारीख कागदानें दाखवितां येते. परंतु संशोधकानें ह्यावरून गाडीचा निर्मितिकाल ठरवूं नये, आणि निर्मितिकालावरून नोंदणीचा काळ सांगूं नये. दोन तारखा, दोन प्रश्न.

शेवटीं एक सूचना करून हें परीक्षण पुरें करितों. जेधे घराण्याच्या शकावलीनें शिवचरित्राच्या कालनिर्णयांत केवढी क्रान्ति केली, हें येथें सांगण्याची जरूर नाहीं. तिचें सामर्थ्य एका मितींत नव्हतें; ओळीनें आलेल्या अनेक मिति एकमेकींस तपासतात, ह्यांत तें होतें. महाराष्ट्रांतील जुन्या मोटारींचीही अशी एक शकावली व्हावी. प्रत्येक गाडीचा इंजिन-क्रमांक, चासी-क्रमांक, मालिकेचें अक्षर, ओतकामाची तारीख, सांटा बांधणाराची पट्टी, आणि तारखेचा मिळेल तो कागद, इतकीं सहा कलमें एका ओळींत उतरावीं. जें कलम नाहीं तें कोरें ठेवावें, अनुमानानें भरूं नये. अशा ओळी जसजशा वाढतील तसतशी आपणाकडे आलेल्या गाड्यांची खरी मालिका आपोआप दिसूं लागेल, आणि परदेशीं कोष्टकांवर सर्वस्वीं विसंबून राहण्याची वेळ येणार नाहीं. मुळशीच्या खोऱ्यांतील जीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या खुणा आतां फार थोड्या उरल्या आहेत. म्हणूनच त्या काळाची म्हणून जी वस्तु पुढें येईल तिची परीक्षा अधिक कसोशीनें झाली पाहिजे. खोटी खूण एकदां मान्य झाली कीं खऱ्या खुणेस जागा उरत नाहीं.